खेळता खेळता : तोंड तिकडे चेंडू



गेल्या अंकातला कॅरमचा लेख वाचून अश्दोदहून एका वाचकांचा फोन आला. वय वर्षे ७९. नातवाने कुठूनशी गोल्फची एक जुनी काठी आणि तीन चेंडू मिळवले आहेत. रोज संध्याकाळी आजोबा आणि नातू सलोनमधल्या गालिच्यावर पाण्याचा ग्लास आडवा ठेवतात आणि त्यात चेंडू घालायची पैज लावतात. नातवाचे चेंडू जातात. आजोबांचे दहातले आठ ग्लासाच्या उजव्या बाजूने निसटतात. "हात थरथरतो हो आता," ते म्हणाले, "पोराला कंटाळा येईल, त्यापेक्षा मीच बाजूला बसतो. तुमचे काय मत?"

माझे मत एवढेच, की आजोबा, बसू नका! हात थरथरत असता तर चेंडू कधी डावीकडे गेला असता, कधी उजवीकडे, कधी चुकून आतही गेला असता. दहातले आठ एकाच बाजूने जातात याचा अर्थ हात जवळजवळ दरवेळी एकसारखाच चालतो आहे. ७९व्या वर्षी ही काही लहान गोष्ट नव्हे. चुकते आहे ते त्याच्या आधीचे, म्हणजे नेम. आणि नेम सुधारायला जोर लागत नाही, तरुण गुडघे लागत नाहीत. थोडी चिकाटी लागते आणि मागे उभे राहून बघणारे कुणीतरी लागते. या घरात ते दोन्ही आहे.

बाळांनो, आधी तुमच्यासाठी थोडे सांगतो. तुमचे आजी-आजोबा, म्हणजे तुमचे सबा-सबता, लहानपणी मुंबईत किंवा पनवेल-अलिबागेकडे अंगणात गोट्या खेळायचे. जमिनीत एक छोटा खळगा करायचा, त्याला म्हणायचे गल. दुरून गोटी टाकून ती गलीत घालायची. गोल्फचा शेवटचा भाग म्हणजे हाच खेळ. आधी लांब लांब फटके मारत चेंडू आणायचा आणि मग बारीक कापलेल्या गवताच्या तुकड्यावर, ज्याला ग्रीन म्हणतात, तो हळूच ढकलून गलीत घालायचा. या हलक्या फटक्याला पटिंग म्हणतात आणि त्यासाठी जी सपाट तोंडाची काठी असते तिला पटर. गोल्फच्या गलीची रुंदी १०८ मिलिमीटर. हे माप १८९१ साली ठरले आणि आजतागायत जगभर तेच आहे. चेंडू साधारण ४३ मिलिमीटरचा. म्हणजे गलीच्या तोंडावर दोन चेंडू शेजारी शेजारी ठेवले तरी थोडी जागा उरते. बघताना वाटते, एवढी मोठी गल, चुकणार कसे?

चुकते ते उभे राहण्याच्या पद्धतीमुळे. गोटी मारताना आपण गलीकडे तोंड करून बसतो. कॅरममध्येही स्ट्रायकर, सोंगटी आणि भोक आपल्या डोळ्यांसमोर एका ओळीत असतात. पटिंगमध्ये मात्र आपण रेषेच्या बाजूला उभे राहतो, खाली चेंडूकडे बघतो आणि गल असते डाव्या खांद्याच्या पलीकडे. (डावरे असाल तर उजव्या. पुढे मी उजव्या हाताच्या माणसासाठी लिहितो आहे, डावऱ्यांनी उलटे समजून घ्यावे.) बाजूने बघून सरळ रेषा ओळखणे माणसाच्या डोळ्यांना अवघड जाते. भिंतीवर फोटो लावताना आपण खुर्चीवर चढतो आणि खालून कोणीतरी सांगते, "डावी बाजू खाली घे." खुर्चीवरच्या माणसाला तो सरळच दिसत असतो. पटिंग करणारा माणूस म्हणजे तो खुर्चीवरचा माणूस.

आता थोडे गणित. नातवंडांनी ते आजोबांना वाचून दाखवावे. चेंडू गलीपासून ३ मीटरवर आहे. गलीच्या मध्यापासून तिचा काठ ५४ मिलिमीटर. तीन मीटरवर ५४ मिलिमीटर सरकायला कोन लागतो सुमारे १ अंश. घड्याळाचा मिनिटकाटा १ अंश फिरायला १० सेकंद लागतात. दहा सेकंदांत तो हललेला आपल्याला दिसतसुद्धा नाही! पटरचे तोंड तेवढे वाकडे असले की तीन मीटरवर चेंडू अगदी काठावर येतो, आणि वेग जरासा जास्त असला तर काठाला घासून निघून जातो. एक मीटरवर मात्र ३ अंशांपर्यंत चुकीला जागा आहे. म्हणून जवळच्या जवळ चेंडू जातात आणि थोडे लांब गेले की "आज हात चालत नाही" असे वाटू लागते. हात तोच असतो, चूकही तीच असते. अंतर वाढल्यामुळे ती उघडी पडते.

आणि चेंडू सुटतो कुठल्या दिशेने? काठी ज्या वाटेने झुलते त्या दिशेने, असे पुष्कळांना वाटते. काठीची वाट थोडा परिणाम करते हे खरे. पण टोला बसण्याच्या क्षणी पटरचे तोंड जिकडे असते, मुख्यत्वे तिकडे चेंडू निघतो. तोंड तिकडे चेंडू. एवढे लक्षात ठेवले तरी या लेखाचे अर्धे काम झाले.

आता उपाय. त्यासाठी काही विकत आणू नका. आपल्या इथल्या जुन्या घरांत खाली बलातोत आहेत ना, त्या २० सेंटीमीटरच्या चौकोनी फरश्या? त्यांच्याइतके नेम शिकवणारे साधन दुकानात पैसे मोजूनही मिळणार नाही. दोन फरश्यांमधली फट लांबवर सरळ जाते आणि दुसरी फट तिला काटकोनात छेदते. म्हणजे चेंडूची रेषाही तयार आणि पटरचे तोंड कसे ठेवायचे तेही तयार. पंधरा फरश्या मोजल्या की ३ मीटर झाले. नव्या घरातल्या फरश्या मोठ्या असतात, तरी काटकोन तोच.

असे करा. चेंडू लांब फटीवर ठेवा. आडव्या फटीच्या रेषेत पटरचे तोंड टेकवा. आता आपल्या जागी उभे राहा आणि खाली बघा. पुष्कळांना इथेच धक्का बसतो. फरशी सांगते तोंड सरळ आहे, आणि डोळे सांगतात, छे, हे तर डावीकडे वळले आहे! ज्यांचे चेंडू सारखे उजवीकडे जातात त्यांना बहुधा असेच दिसते, कारण उजवीकडे वळलेले तोंडच त्यांना इतकी वर्षे सरळ वाटत आलेले असते. फरशी खोटे बोलत नाही. चेंडू न मारता नुसते उभे राहा, बघा, बाजूला व्हा, पुन्हा या. रोज पाच मिनिटे. आठवड्याभरात डोळ्यांना "सरळ" म्हणजे काय ते नव्याने कळू लागते.

फरशीवर चेंडू मारू नका. एक तर तो सुसाट पळतो आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येतात. दुसरे, फट खोलगट असली तर चेंडू तिच्यात सापडून आपोआप सरळ जातो आणि तुम्ही उगाच खूश होता. मारण्यासाठी गालिचा बरा. त्यावर रेषा नसते, तेव्हा गवंड्याची युक्ती वापरा. आपल्या समाजात सुतारकाम-गवंडीकाम केलेली माणसे पुष्कळ, त्यांना दोरा ताणून रेषा धरायला शिकवायला नको. दोन जड डबे घ्या, त्यांच्यामध्ये शिवणाचा दोरा ताणा, चेंडूच्या थोडा वर, आणि दोऱ्याच्या बरोबर खाली चेंडू ठेवा. दोऱ्याशी पटरचे तोंड काटकोनात आहे ना, ते मागे उभ्या राहिलेल्या नातवाने सांगावे. खेळ झाल्यावर दोरा आठवणीने काढून ठेवा, नाहीतर रात्री पाण्याला उठलेले माणूस त्यात अडकून पडेल.

दोऱ्यानंतर दरवाजा. हा माझा सर्वांत आवडता प्रकार आहे आणि मुलांनाही आवडतो. चेंडूच्या पुढे बरोबर ५० सेंटीमीटरवर दोन काड्यापेट्या उभ्या करा, मध्ये ६ सेंटीमीटरची जागा ठेवा. चेंडू पेट्यांना न लागता मधून गेला पाहिजे. हे माप मी उगाच दिलेले नाही. एवढ्या दरवाजातून सुटणारा चेंडू सरळ रेषेपासून १ अंशापेक्षा जास्त वाकडा असू शकत नाही, म्हणजे तीन मीटरवरची गल तो दिशेच्या बाबतीत तरी चुकवणार नाही. तीन मीटर जागा घरात नसली तरी अर्ध्या मीटरच्या दरवाजाने तीच परीक्षा होते. पेटी पडली की कुठली पडली ते बघा. उजवी पडली तर चेंडू उजवीकडे सुटला. दहा वेळा मारा आणि नातवाने वहीत मांडून ठेवावे. बरे, आडव्या ठेवलेल्या ग्लासाचे तोंड जेमतेम सात-आठ सेंटीमीटर असते. खरी गल त्याच्यापेक्षा बरीच रुंद. अश्दोदच्या आजोबांनी हेही ध्यानात घ्यावे, ते खऱ्या खेळापेक्षा अवघड खेळ खेळत आहेत!

आता एक सूचना, जी बहुतेक शिकवणारे द्यायला विसरतात. ज्याचे तोंड वर्षानुवर्षे उजवीकडे वळलेले असते त्याचा हात पुष्कळदा गुपचूप ती चूक भरून काढायला शिकलेला असतो, म्हणजे शेवटच्या क्षणी पटर किंचित डावीकडे ओढतो. असा माणूस फरशीवर नेम सुधारतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचे चेंडू डावीकडे जाऊ लागतात. मग तो वैतागतो, "जुनेच बरे होते" म्हणतो आणि सोडून देतो. सोडू नका. नेम बरोबर झाला आहे, हाताला अजून बातमी पोहोचलेली नाही. काही दिवसांत पोहोचते.

उलट, दोऱ्याखाली तोंड सरळ ठेवूनही, नातवाने खात्री करूनही, उजवी पेटी पडत असेल तर मग दोष फटक्याचा आहे. मारताना तोंड उघडते आहे. बहुतेक वेळा काठी फार घट्ट धरल्याने असे होते. दाताच्या पेस्टची उघडी नळी हातात धरली आहे आणि पेस्ट बाहेर येऊ द्यायची नाही, इतपतच पकड पुरे.

प्रत्यक्ष खेळताना फरशी नसते, दोरा नसतो. तिथे काय करायचे? पहिली गोष्ट, रेषा ठरवायची ती चेंडूच्या मागे जाऊन, गलीकडे तोंड करून. थोडे खाली वाकता आले तर उत्तम, नाही तर उभ्यानेही चालते. तिथून दोन्ही डोळे रेषेवर असतात, जसे कॅरममध्ये असतात. मग त्या रेषेवर चेंडूच्या पुढे वीतभर अंतरावर काहीतरी खूण शोधायची. गवताचे पिवळे पाते, मातीचा ठिपका, काहीही. आता तीन मीटरवरची गल विसरा. तोंड त्या वीतभर अंतरावरच्या खुणेकडे वळवायचे आहे, आणि ते बाजूला उभे राहूनही जमते, कारण मान न फिरवता ती खूण दिसते. अमेरिकेचा जॅक निक्लॉस, ज्याने मोठ्या १८ स्पर्धा जिंकल्या, तो लांब फटक्यांसाठीसुद्धा अशीच चेंडूच्या पुढची जवळची खूण धरत असे.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी पटरचे तोंड खुणेकडे लावायचे, मग पाय. बहुतेक लोक आधी पाय रोवतात आणि मग पटर कशीतरी तिथे बसवतात. घर बांधून झाल्यावर पाया सरळ करण्यासारखे आहे ते. पाय, गुडघे, खांदे रेषेला समांतर असावेत, पण त्यांत खांदे महत्त्वाचे, कारण हात खांद्यांना लोंबतात. पाय थोडे वाकडे असले तर एवढे बिघडत नाही. दक्षिण आफ्रिकेचा बॉबी लॉक तर पाय चांगलेच तिरपे ठेवायचा आणि तरी त्याच्यासारखा पटिंग करणारा त्या काळात नव्हता. त्याने ब्रिटिश ओपन चार वेळा जिंकली.

चेंडूवर पेनाने रेघ काढावी का, असे मला विचारतात. नियमाने चालते. ग्रीनवर चेंडूमागे नाणे ठेवून चेंडू उचलता येतो, पुसता येतो आणि रेघ हव्या त्या दिशेला करून परत ठेवता येतो. काहींना याने फार फायदा होतो. मात्र काहींना वर उभे राहिल्यावर तीच रेघ वाकडी दिसते आणि मन द्विधा होते. रेघ एक सांगते, डोळे दुसरे. अशांनी रेघ काढू नये, गवताची खूणच बरी. दोन्ही करून बघा आणि वहीतल्या आकड्यांवर विश्वास ठेवा.

डोळ्यांविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आमच्या वयाच्या माणसांचे निम्मे दुखणे तिथेच आहे. नेहमीसारखे उभे राहा, एक दुसरा चेंडू नाकाच्या वरच्या टोकाशी, दोन डोळ्यांच्या मध्ये धरा आणि सोडून द्या. तो कुठे पडतो? खालच्या चेंडूवर किंवा त्याच्या जरा आत, आपल्या पायांच्या बाजूला पडला तर ठीक. पलीकडे पडला तर तुम्ही जास्त वाकला आहात. फार अलीकडे पडला तर फार लांब उभे आहात. दोन्ही प्रकारांत रेषा तिरकी दिसते, कोणाला डावीकडे, कोणाला उजवीकडे. म्हणून दुसऱ्याचे ऐकून दुरुस्ती करू नये, फरशीवर आपली आपण बघावी.

गलीकडे बघतानाही एक खोड असते. माणूस मान वर उचलून बघतो. तसे केले की डोळे रेषेवरून सुटतात. मान उचलायची नाही, फक्त वळवायची, उशीवर डोके ठेवून शेजारी बघतो तशी.

आणि चष्मा! एकाच काचेत वर लांबचे आणि खाली वाचायचे असे दोन नंबर असलेला चष्मा पटिंगला फार फसवतो. चेंडूकडे बघायला आपण नजर खाली करतो आणि नेमका काचेचा वाचायचा भाग डोळ्यांसमोर येतो. तो भाग हातभर अंतरासाठी केलेला असतो, आणि चेंडू असतो दीड मीटर खाली. मग चेंडू धूसर दिसतो, कडेला रेषा वाकल्यासारखी वाटते. उपाय दोन. हनुवटी जरा छातीकडे घ्या म्हणजे काचेच्या वरच्या भागातून चेंडू दिसेल. किंवा एकाच नंबरचा जुना चष्मा घरात असेल तर खेळण्यापुरता तो लावून बघा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल आणि दोन डोळ्यांत फरक जाणवत असेल तर पुढच्या वेळी कुपात खोलीममध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा सरळ विचारा, की मी असा असा खेळ खेळतो, चेंडू दीड मीटरवर असतो, कुठला चष्मा घालू? डॉक्टर हसणार नाहीत. हसले तर त्यांनाही एक फटका मारायला लावा.

आता उतार. इतका वेळ आपण जमीन सपाट धरली. खरी ग्रीन सपाट नसते, आणि खरे म्हणजे आपली मिर्पेसेतही नसते. स्पोंजा करताना पाणी जाळीकडे आपोआप जाते ते काय उगाच? चेंडूही पाण्यासारखाच वागतो, उताराकडे वळतो. मग नेम गलीवर धरून काय उपयोग? उतार डावीकडे असेल तर गलीच्या उजवीकडे एक जागा ठरवायची आणि तीच आपली गल समजून तिकडे सरळ मारायचे. वळवण्याचे काम जमीन करते, आपण नाही. हौशी खेळाडू सहसा उतार कमी धरतात आणि चेंडू गलीच्या खालच्या बाजूने जातो. चेंडू जितका हळू, तितका जास्त वळतो, म्हणून वेग ठरवल्याशिवाय नेम ठरत नाही. मुलांनी मिर्पेसेतमध्ये थोडे पाणी ओतून ते कुठे जाते बघावे, मग कोरडे करून त्याच जागी चेंडू सोडावा. आईला आधी विचारा.

नेम आणि पाय एकदा लागले की मध्ये खंड पडू देऊ नये. याचे उदाहरण गोल्फच्या इतिहासात मोठे दुःखद आहे. १९७० साली स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज येथे ब्रिटिश ओपन स्पर्धा चालू होती. अमेरिकेचा डग सँडर्स शेवटच्या गलीपाशी आला. एक मीटरच्या आतला चेंडू घातला की तो विजेता. तो उभा राहिला, नेम धरला, आणि तेवढ्यात त्याला रेषेवर काहीतरी पडलेले दिसले. खडा आहे असे वाटून तो वाकला. पाय हलवले नाहीत, मागे जाऊन पुन्हा नेम धरला नाही. तसाच परत सरळ झाला आणि मारले. चेंडू उजवीकडून निसटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा १८ गली खेळवल्या गेल्या आणि सँडर्स एका फटक्याने हरला, वर सांगितलेल्या निक्लॉसकडूनच. सँडर्स २०२० साली वारला. त्याच्या नावाबरोबर तो एक मीटर कायमचा जोडला गेला. वाकडे उभे राहिलो असे वाटले, माशी बसली, फोन वाजला, तर मागे या आणि पहिल्यापासून सुरू करा. कोणी घाई करत नाही.

नजर कुठे ठेवायची? कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी १९९२ साली पटिंग करणाऱ्यांच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की निष्णात खेळाडूंची नजर मारण्याआधी चेंडूवर स्थिर होते आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर त्याच जागी राहते. कमी सराव असलेल्यांची नजर चेंडू, काठी, गल अशी भिरभिरते. म्हणून चेंडू गेला की लगेच मान उचलून बघू नका. गलीत पडल्याचा आवाज कानाने ऐका. ज्यांना ऐकू कमी येते त्यांना नातू सांगेल.

एका फटक्याची किंमत किती, हे मुलांनी दोन मुलींकडून शिकावे. लेटिशिया बेक बेल्जियममध्ये जन्मली, सहा वर्षांची असताना इस्राएलला आली आणि कैसरियाला गोल्फ शिकली. तिथले मैदान १९६१ साली सुरू झाले आणि पीट डाय या अमेरिकन रचनाकाराने नव्याने आखल्यावर २००९ साली पुन्हा उघडले. ११२ वर्षांच्या खंडानंतर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये गोल्फ परत आला तेव्हा लेटिशिया इस्राएलतर्फे खेळली. आणि आपल्या जुन्या देशाची अदिती अशोक, बेंगळुरूची, हिने टोकियो ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ साली झाले, पटिंगच्या जोरावर जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंना गाठले. शेवटच्या ग्रीनवर तिचा चेंडू थोडक्यात बाहेर राहिला. ती चौथी आली, पदकाला एक फटका कमी पडला. चार दिवस, ७२ गली, आणि फरक एका फटक्याचा. चेंबूरला राहिलेल्या मंडळींना तिथले बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे १९२७ सालचे मैदान आठवत असेल. तेव्हा आपण त्याच्या भिंतीबाहेरून जायचो, हा साहेबांचा खेळ म्हणत. आता अश्दोदच्या सलोनमध्ये तो चालला आहे. साहेबांना काय वाटेल कोण जाणे.

नियमाचे एक सांगायचे राहिले. स्पर्धेत, २०१९ पासून, खेळाडू पाय रोवू लागला की त्याच्या मदतनिसाला मागे रेषेवर उभे राहून "जरा डावीकडे" असे सांगता येत नाही. घरच्या खेळाला हा नियम नाही. नातवाला खुशाल मागे उभे करा. पण त्याने मराठीतच सांगावे अशी अट घाला. "उजवीकडे", "डावीकडे", "थोडं", "बस", एवढे चार शब्द पहिल्या दिवशी पुरतात. पुढे "अगं बाई" आणि "अरेरे" आपोआप येतील.

काठीची लांबी आपल्या उंचीप्रमाणे घ्यावी. पाठ दुखत असेल तर लांब पटर मिळते, ती वापरायला हरकत नाही. फक्त तिचे टोक पोटाला किंवा छातीला टेकवून मारायला १ जानेवारी २०१६ पासून स्पर्धेत बंदी आहे. चेंडू उचलायला वाकणे जमत नसेल तर पटरच्या मुठीला लावायची रबराची छोटी वाटी मिळते, ती चेंडूला चिकटते. पायात सपाता नकोत, घट्ट बसणारे बूट घाला. गालिच्याची कड दुमडलेली नाही ना, ते आधी बघा. आणि पडलेले चेंडू लगेच उचला. पायाखाली आलेला चेंडू माणसाला गोटीसारखाच घसरवतो.

पुढच्या अंकात वेगाविषयी, म्हणजे लांबचा चेंडू गलीच्या जवळ कसा थांबवायचा त्याविषयी लिहीन. तोवर काड्यापेट्यांच्या दरवाजातून दहापैकी किती गेले ते वहीत लिहून कळवा. आजोबांचे आकडे वेगळे, नातवंडांचे वेगळे. दोन्ही छापू.